देशी ३२ बोअर रिव्हॉल्वर रोजच्या वापराला भरवशाचा हाय का, वापरून सांगतोय

लातूरच्या मोंढ्यात माझी आडत हाय. तूर, सोयाबीन, हरभरा. आता आरटीजीएस आलं तरी हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल हे सगळं रोखच चालतंय, अन् हंगामात रात्री उशिरा मोंढ्यातून निघून शेतातल्या घरी जावं लागतंय, म्हणून रीतसर परवाना काढून देशी बनावटीचा ३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्वर घेतला. तो कपाटात पूजेला ठेवला नाई, क्लबच्या रेंजवर नेमानं चालवला, खोलला, पुसला, परत चालवला. लोक सारखं विचारायलेत की स्वस्तातला नग चालतो का, का अजून थांबून जुना फॉरेनचा बघावा, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. माझा कोणत्या कारखान्याचा हाय ते मुद्दाम लिहीत नाई, कारण वर मोडून उघडायचं हे वेब्ली या इंग्रज कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्वरच्या ढंगाचं मॉडेल आपल्याकडं एकापेक्षा जास्त ठिकाणी बनतंय अन् एका नगावरून अख्ख्या कारखान्याला नावं ठेवणं बरोबर नाई.

आधी स्वस्त म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पोरं यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून येतेत अन् विचारतेत काका ते टॉरस नाईतर हाय-पॉइंट कंपनीचं स्वस्त पिस्तूल इथं मिळंल का. तिकडची ती मॉडेलं नाई मिळत बाबांनो. तिकडची ती दोन-अडीचशे डॉलरवाली पिस्तुलं बहुतेक नऊ एमएमची हायती अन् नऊ एमएम आपल्याकडं साध्या परवान्यावर मिळतच नाई, तो बोअर प्रतिबंधित हाय. साध्या माणसाला हँडगन म्हणजे धरून चला ३२ बोअर, नाईतर २२. बाहेरून आयात तर १९८० च्या दशकापासूनच बंद हाय, नामांकित नेमबाज खेळाडूंची गोष्ट वेगळी. म्हणजे आपल्याकडं 'फॉरेनचा नग' म्हणून जो विकतेत तो बहुतेक करून लई जुना, कुणाच्या तरी आजोबाचा, अन् त्याला माणसं कैक लाख मोजायलेत. त्याच्यापुढं देशी नग लाखाच्या आसपास पडतो म्हणून तो स्वस्त. निर्भीक नावाचा देशी ३२ बोअर रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती, टायटॅनियम मिश्रधातूचा, वजन अर्धा किलो. वेब्लीचा मार्क फोर २०२० मध्ये उत्तर प्रदेशात हरदोईला बनायला लागला, तो १ लाख ६० हजाराला. २२ बोअरचा निडर नावाचा देशी रिव्हॉल्वर त्याच्या बऱ्याच खाली, आला तेव्हा पस्तीस हजाराच्या घरात, अन् वजन फक्त २५० ग्रॅम. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, त्यामुळं जुन्या बिलाचे आकडे कुणी सांगितले तर त्याच्यावर हिशोब लावू नका, दुकानात टॅक्ससकट भाव विचारा.

अन् मराठवाड्यात खरं स्वस्त हत्यार म्हणजे लोकांच्या डोक्यात गावठी कट्टा असतो, त्याच्याबद्दल लपवून उपयोग नाई. पेपर उघडला की आठवड्यात एक तरी बातमी असतीच, कट्ट्यासह तरुण ताब्यात, आर्म ॲक्ट ३/२५. कायद्याचं तर हायच, पण नुसतं हत्यार म्हणून बी बघा. त्याच्या नळीचं पोलाद कसलं, गोळीचा दाब सोसंल का, हे कुणीच तपासलेलं नसतंय. कारखान्यातून निघणाऱ्या नगाला जादा दाबाची गोळी झाडून तपासतेत अन् मगच शिक्का मारतेत, कट्ट्याला कोण तपासणार? तो फुटला तर धरणाऱ्याचीच बोटं जातेत. ज्याला खरंच जीवाची भीती हाय त्यानं कलेक्टर ऑफिसची पायरी चढावी. वेळ लागतो हे मला माहिती हाय, अन् मस्साजोगच्या प्रकरणानंतर बीडला कितीतरी परवाने रद्द झाले तेव्हापासून चौकशी अजून कडक झालीय, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं, कमरेला पिस्तूल लावून रील काढणाऱ्यांनी खऱ्या गरजूंचं वाटोळं केलंय.

आता मुद्द्यावर येतो. देशी नग भरवशाचा हाय का? हाय, पण नग बघून घेतला तर अन् घेतल्यावर चालवला तर. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर फरक दिसतो, हा स्वस्त मालाचा स्वभाव हाय. महागड्या मालात हाताची फिनिशिंग जास्त, तपासणी जास्त, त्यामुळं नगानगात फरक कमी. स्वस्तात ती तपासणी आपण करायची. मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदार डबा उघडून लगेच पावतीपुस्तक काढायला लागला, म्हणला, "मालक, सीलबंद माल हाय, बघायचं काय त्यात?" मी म्हणलं, तुमच्याकडं असतील तेवढे सगळे काढा, मग बोलू. त्याला आवडलं नाई, पण काढले.

बघायचं कसं ते सांगतो. आधी उघडून सिलेंडरमधली गोळ्या बसायची सहाच्या सहा घरं रिकामी हायत हे डोळ्यानं अन् बोटानं बी बघायचं, दुकानदारानं बघितलं असलं तरी. नळीचं तोंड भिंतीकडं, माणसाकडं नाई. मग बंद करून घोडा अंगठ्यानं हळूहळू मागं ओढायचा. घोडा पूर्ण मागं बसायच्या आत सिलेंडरनं 'टक' करून आपली जागा धरली पाहिजे. सहाही घरांवर हे करायचं, एकावर बी आळस नाई. मला पहिल्या नगात पाच घरं बरोबर लागली अन् एक घर घोडा मागं बसला तरी केसभर अलीकडं थांबलं, बोटानं ढकललं तेव्हा बसलं. दिसायला ते काहीच नाई, पण गोळी सुटंल तेव्हा घर अन् नळी एका रेषेत नसली की शिसं कडंला तासलं जातंय अन् बाजूनं कण उडतेत. तो नग बाजूला ठेवला. दुसऱ्याचं सिलेंडर कुलूप लागल्यावर बी हातात खडखड करायलं होतं. थोडीशी हालचाल सगळ्यात असती, तेवढी चालती, पण खडखड नको. तिसरा घट्ट, सहाही घरं वेळेवर, तोच घेतला. वरचं कुलूप म्हणजे जिथून रिव्हॉल्वर मोडून उघडतो ती पट्टी दोन्ही बाजूनं सारखी बसती का अन् बिजागरीपाशी नळी डावी-उजवी हलती का हे बी बघा, या ढंगाच्या मॉडेलचं सगळं आयुष्य त्या दोन जागांवर असतंय. नळीत पांढरा कागद धरून उजेडात बघा, खाचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, काळे ठिपके नकोत. दुकानदार तोंड वाकडं करंल तर करू द्या. एवढा पैसा टाकून अर्धा तास घेणं हा आपला हक्क हाय.

रेंजवर पहिल्यांदा चालवला तेव्हाच कळलं की चाप जड हाय. डबल ॲक्शनमध्ये म्हणजे घोडा न ओढता थेट चाप दाबला की बोटाला चांगलाच जोर द्यावा लागतो, अन् त्या जोरात हात खाली झुकतो, गोळ्या कागदावर खाली डावीकडं पडायला लागल्या. घोडा ओढून सिंगल ॲक्शननं झाडलं की गोळ्या एकत्र पडतेत. नळी तीन इंचाची, समोरची साईट बारीक, मागची म्हणजे नुसती खाच, ती फिरवून जुळवता येत नाई. सात-आठ मीटरवर वहीच्या पानावर सगळ्या गोळ्या बसतेत, अन् ज्या कामासाठी हे हत्यार हाय त्याला तेवढं पुरतंय. पंचवीस मीटरच्या कागदावर मात्र सवय लागती. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं प्रबल नावाचा ३२ बोअर रिव्हॉल्वर काढला, ५० मीटर रेंज म्हणून त्याची मोठी बातमी झाली, अन् गोळी तेवढी जाती हे खरं, पण एवढ्याशा नळीनं ५० मीटरवर नेम धरून मारणं हे वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाचं काम हाय, त्या आकड्यावर भुलून खरेदी करू नका. प्रबलची खरी चांगली गोष्ट म्हणजे त्याचं सिलेंडर बाजूला उघडतं, मोडायचं काम नाई, त्यामुळं वरच्या कुलपाची झीज हा विषयच संपतो.

जी अडचण मला खरी आली ती काडतुसं बाहेर फेकणाऱ्या चांदणीची. हा रिव्हॉल्वर मोडला की सिलेंडरच्या मधून एक चांदणी वर येती अन् सहाही रिकामी काडतुसं एकदम उचलून बाहेर टाकती. हळू उघडला की एखादं काडतूस नीट बाहेर पडत नाई, चांदणीच्या खाली घसरतंय, चांदणी परत बसती अन् ते काडतूस तिच्याखाली अडकून बसतंय. मग नग ना उघडतो ना बंद होतो. रेंजवर शिकवणारे उस्ताद शेजारी होते, त्यांनी काडीनं काढून दिलं अन् सांगितलं की नग जरा आडवा करायचा अन् एका झटक्यात पूर्ण उघडायचा, घाबरत घाबरत अर्धा उघडायचा नाई. तेव्हापासून क्वचितच अडकलं. पण ही गोष्ट दुकानदार सांगत नाई, डब्यातल्या कागदावर बी लिहिलेली नव्हती, अन् ज्यानं घेऊन कपाटात ठेवलाय त्याला ती ज्या दिवशी कळू नये त्याच दिवशी कळंल. सरावाशिवाय भरवसा नाई म्हणतो तो याच्यामुळं.

झाडून झाल्यावर रिकामी काडतुसं फेकून देऊ नका, बुडं बघा. घोड्याच्या टोकानं मारलेला खड्डा टिकलीच्या (बुडातली चकती, जिच्यावर मार बसला की दारू पेटती) बरोबर मध्ये अन् सहाही काडतुसांवर सारखा खोल पाहिजे. एका बाजूला सरकलेला दिसला तर घर रेषेत नाई, उथळ दिसला तर स्प्रिंग कमजोर नाईतर आत चिकट तेल-धूळ बसलीय. माझ्या नगाचे खड्डे मध्येच येतेत, पण उन्हाळ्याच्या शेवटी एकदा उथळ यायला लागले अन् खोलून बघितलं तर काळ्या मातीची धूळ तेलात मिसळून घोड्याच्या बुडाशी लेप बसला होता. आपल्याकडची धूळ अशी हाय की मोटारसायकलवर गावाला जाऊन आलं तर पाकिटातल्या नोटांत बी जाती. रॉकेल-पेट्रोलनं धुवू नका, गन ऑइल घ्या, अन् थोडंच घ्या, जास्त तेल म्हणजे जास्त माती.

क्लबातल्या एका दादांच्या नगात गोळी फुस्स झाली, 'टक' झालं अन् काहीच नाई. गोळ्या जुन्या होत्या, चामड्याच्या पट्ट्यात खोचून पावसाळे गेलेल्या, पितळेवर हिरवा थर आलेला. उस्तादांनी तिथंच सगळ्यांना थांबवलं, नळी समोरच ठेवायला लावली, अर्धा मिनिट तसंच, कारण कधीकधी गोळी उशिरा सुटती, लगेच उघडून तोंडाकडं धरून बघणारे लोक हायती म्हणून सांगायलोय. त्यानंतरच उघडलं. रिव्हॉल्वरचा फायदा हा की खऱ्या वेळी फुस्स झाली तर परत चाप दाबायचा, दुसरं घर समोर येतंय. पिस्तुलात तसं नाई, स्लाईड म्हणजे वरचा सरकता भाग ओढून गोळी काढावी लागती, त्याला दोन्ही हात अन् डोकं शांत पाहिजे. शिवाय ३२ बोअर पिस्तुलाच्या गोळीला बुडाशी बारीक काठ असतो, मॅगझिनमध्ये भरताना वरच्या गोळीचा काठ खालच्याच्या मागं अडकला की अख्खी मॅगझिन जाम होती. म्हणून ज्याचा सराव कमी त्यानं स्वस्तात घ्यायचं तर रिव्हॉल्वरच घ्या. देशी पिस्तूल वाईट हाय असं नाई, पण ते जास्त वेळ अन् जास्त गोळ्या मागतंय, मॅगझिन दोन घेऊन दोन्ही चालवून बघाव्या लागतेत.

अन् महाग म्हणजे बिनघोर, हा समज डोक्यातून काढा. टॉरसला स्वस्त म्हणून नावं ठेवतेत, अन् खरंय की २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नऊ जुन्या मॉडेलवर, खाली पडलं की गोळी सुटती या तक्रारीवर कोर्टात तडजोड झाली. पण सिग सॉअरचं पी-३२० तर महागातलं, जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या लष्करानं निवडलेलं, अन् त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला बाजारात गेलेल्या पिस्तुलांसाठी सुधारणा जाहीर करावी लागली, कारण ठराविक कोनात आपटलं तर गोळी सुटत होती. उलट हाय-पॉइंट दिसायला ओबडधोबड, जड, पण त्याची रचना एकदम साधी, स्लाईडच्या वजनावर चालणारी, अन् कंपनी आयुष्यभर दुरुस्त करून देती. किंमत बघून भरवसा ठरत नाई, रचना अन् तपासणी बघून ठरतो. आपल्या देशी नगाबाबत बी हेच विचारा की घोडा आपटला तरी टोक टिकलीपर्यंत जाऊ नये अशी आडकाठी आत हाय का. दुकानदाराला खात्रीनं सांगता येत नसंल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरायच्या. मी पाचच भरतो.

जुन्या फॉरेनच्या नगाबद्दल आमच्या दाजीचा लई आग्रह होता. उदगीरकडं एका घरातला वेब्ली विकायला होता, दाजी म्हणले, "विलायती पोलाद हाय, तुमच्या देशीला त्याची सर येईल का?" जाऊन बघितला. हातात घेतल्यावर खरंच सुंदर, घोडा ओढला की लोण्यासारखा मागं जातो, बट हातात बसती. पण नळीत टॉर्च मारला तर खड्डेच खड्डे, स्प्रिंग थकलेली, अन् सिलेंडर मागं-पुढं सरकायलं होतं. त्याचे सुटे भाग कुठून आणणार? कारागीर हातानं घडवून देईल, पण तसे कारागीर आता किती राहिलेत. दाजीला म्हणलं, शोभेला घ्यायचा असंल तर घ्या, रात्रीच्या रस्त्याला नका घेऊ. अन् शोभेसाठी परवाना वापरायचा तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतेत, आधी तीन होती, तेव्हा एक जागा अशी अडवायची का याचा विचार करा.

गंजाबद्दल जरा सविस्तर, कारण मराठवाड्यात लोकांना वाटतंय आपल्याकडं कोरडं हाय, इथं कशाचा गंज. एप्रिल-मेमध्ये कमरेला लावून फिरलं की घामानं होल्स्टरचं चामडं आतून ओलं राहतंय, अन् त्या चामड्यात खार असतो. रात्री होल्स्टरमध्येच ठेवून झोपलं की सकाळी सिलेंडरच्या कडंवर तांबूस ठिपके. स्वस्त नगाचं काळं पॉलिश पातळ असतंय, नळीच्या तोंडाशी अन् सिलेंडरच्या कडांवर ते वर्षाच्या आत उडतंच, माझं बी उडालं. ते दिसायला वाईट, चालायला काही होत नाई, पण तिथं तेलाचा हात रोज फिरवावाच लागतो. नायलॉनचं होल्स्टर घ्या अन् ठेवताना काढून सुती कपड्यात ठेवा.

दुसरा गंज निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायची नोटीस येती, २०२४ मध्ये लोकसभा अन् विधानसभा एकाच वर्षात झाल्या तेव्हा दोनदा जमा झाला. नियम बरोबर हाय, त्याला हरकत नाई. पण ठेवायची जागा दमट, अन् गठ्ठ्यात सगळ्यांचे नग एकावर एक. परत आणला तेव्हा चापाच्या कडीवर गंज अन् बटवर ओरखडा. आता मी जमा करताना जाड ग्रीस लावून, तेलकट कापडात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी न बांधता देतो, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडती. पावतीवर नंबर आपल्यासमोर तपासून घ्या, अन् परत घेताना तिथंच उघडून बघा.

गोळ्यांचा खर्च हा या सगळ्या हिशोबातला सगळ्यात मोठा भाग हाय अन् तोच कुणी धरत नाई. गोळ्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या, बुडावर केएफ लिहिलेलं असतंय, रिव्हॉल्वरची वेगळी, लांबट, अन् पिस्तुलाची वेगळी, दोन्हीला लोक ३२ च म्हणतेत म्हणून दुकानात चुकीची देऊ नये एवढं बघा. एका गोळीच्या पैशात हॉटेलात एका माणसाचं जेवण होतंय, अन् परवान्यावर लिहिलेल्या कोट्याच्या वर घेता बी येत नाई. म्हणून माणसं वर्षानुवर्षं एक गोळी झाडत नाईत. माझं म्हणणं हे हाय की फॉरेनच्या नगाचे चार लाख वाचवले ना, मग त्यातले थोडे दरवर्षी गोळ्यांना अन् क्लबच्या वर्गणीला घाला. नवीन नग घेतल्यावर निदान पन्नास गोळ्या तरी त्यातून गेल्याशिवाय मी त्याला भरवशाचा म्हणणार नाई, अन् त्या बी एका दिवशी नाई, मध्ये खोलून पुसून. मधल्या दिवसात घरी डमी गोळ्या भरून जड चापाचा सराव करता येतो, त्याच्यानं हात खाली झुकायचा थांबला. डमी भरायच्या आधी खऱ्या गोळ्या त्या खोलीतून बाहेर, हे न चुकता.

दुरुस्तीची सेवा हा मात्र देशी नगाचा कमजोर भाग हाय. सुटे भाग मिळतेत, जुन्या फॉरेनपेक्षा कैक पटीनं सोपं, पण इथं जवळ भरवशाचा कारागीर नाई. ज्यांच्याकडं स्क्रू सैल झाला म्हणून नेला त्यांनी साध्या पेचकसनं पिळून स्क्रूचं तोंडच खराब करून दिलं. लांब जायचं तर हत्यार घेऊन प्रवास, सोबत मूळ परवाना, बिल, सगळं. त्यामुळं मापाचे पेचकस स्वतः घेऊन बाजूचे स्क्रू महिन्याला बघायची सवय लावा, सैल होतेतच, गोळ्यांच्या धक्क्यानं. आतलं यंत्र मात्र उघडू नका, ते उस्तादाचं काम.

घरात लेकरं असतील तर पोलादी पेटी भिंतीला बोल्ट करून, किल्ली स्वतःच्या अंगावर, गोळ्या वेगळ्या कपाटात. ही गोष्ट किमतीच्या हिशोबात आधी धरा, नग घेऊन झाल्यावर पैसे उरले तर पेटी, असं नाई. वरातीत कुणी कितीबी गळ घातली तरी घरून हत्यार न्यायचंच नाई, हवेत झाडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद नाईतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही हाय, अन् हवेतली गोळी कुणाच्या तरी छतावर, कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर उतरती.

तर माझा नग अजून माझ्याजवळच हाय अन् बदलायचा विचार नाई. पॉलिश उडालेलं, चाप अजून जडच, बट मोठ्या हाताला बारीक पडती म्हणून वर रबराचं कव्हर चढवलंय. पण सिलेंडर पहिल्या दिवसासारखं घट्ट, सहाही घरं वेळेवर, अन् ताज्या गोळ्यांत एक बी फुस्स गेली नाई. ज्याचा बजेट लाख-सव्वा लाख हाय अन् जो रेंजला जाणार हाय त्यानं डोळे झाकून नाई, डोळे उघडून घ्यावा. ज्याला वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्रपूजेलाच काढायचाय त्याला मी कुठलाच घ्या म्हणणार नाई. आमच्या दाजींचा परवाना आलाय, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं दुकानात जाणार हाव, प्रबल आला असंल तर तो बी उघडून बघणार, सहाही घरं घोडा ओढून तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाईत एवढं दाजींना आत्ताच सांगून ठेवलंय.